बाकीचं उद्या

गेल्या महिन्यात आमच्या कॉलनीतल्या केबलवाल्याने दुसऱ्या केबलवाल्याची वायर कापली. पाठोपाठ दोन वाहिन्याही बंद केल्या, कारण त्या वाहिनीवाल्यांशी त्याचं बिनसलं होतं. आमच्या सूनबाईंची नेमकी तिथेच रोजची मालिका. मुलगा फोनवर कुणाला तरी कायदा ऐकवत होता. सगळं गाव एकाच माणसाच्या हातात कसं देता, सरकार झोपलंय का, वगैरे. मी खुर्चीत बसून हसत होतो. सूनबाई म्हणाल्या, "बाबा, यात हसण्यासारखं काय आहे?" हसण्यासारखं काहीच नव्हतं. मला दाजीसाहेब देशमुख आठवले होते, आणि दाजीसाहेब आठवले की माझ्या तोंडावर जे येतं त्याला लोक हसू समजतात.

वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेला होता. दुसऱ्या महायुद्धाची लढाई चालू होती. नांदुऱ्यापासून बैलगाडीच्या अंतरावर एक मोठं गाव आहे, तिथल्या पोस्टात मी बाबू होतो. एकटाच. तिकिटं मीच विकायची, मनिऑर्डरी मीच लिहायच्या आणि रेडिओचं लायसन्सही मीच द्यायचं. रेडिओ ठेवायला त्या काळी पोस्टातून लायसन्स काढावं लागे. माझ्याकडे ते काम फार नव्हतं, कारण गावात रेडिओ एकच होता. तो दाजीसाहेबांचा.

लहानखुरा माणूस. पांढरंशुभ्र धोतर, कानात अत्तराचा फाया, नखं बायकांसारखी निगुतीने ठेवलेली. आवाज कधी चढला नाही. गड्याला शिवी दिली नाही, कुळावर हात उगारला नाही. आणि खोटं बोलत नसत. याचा त्यांना फार अभिमान होता. "म्या आजपावतो खोटं बोल्लो नाई," हे ते दिवसातून एकदा तरी म्हणत. मी पाहिलं तेवढ्यात ते खरंच होतं. खोटं न बोलता माणसाचं किती वाईट करता येतं, हे मला त्यांच्या ओसरीवर कळलं.

रेडिओ त्यांनी खामगावहून आणला होता. गाडीत सरकीची पोती अंथरून त्यांच्यावर ठेवून आणला. घरावर दोन बांबू उभे राहिले, त्यांच्यामध्ये तार ताणली गेली, आणि जड बॅटरी भरून आणायला दर आठवड्याला एक गडी खामगावला जाऊ लागला. त्यांच्या बाईसाहेबांनी रेडिओला मखमलीचं झाकण शिवलं. मी दिलेलं लायसन्स दाजीसाहेबांनी काचेत मढवलं आणि देवघराशेजारच्या भिंतीवर टांगलं. येणाऱ्याजाणाऱ्याला ते दाखवत. म्हणत, "सरकारनं आवाज मले देल्ला हाये. गावाले नाई देल्ला."

संध्याकाळी दिवेलागणीला बातम्या लागत. गाव ओसरीवर जमे. कोणी कुठे बसायचं ते ठरलेलं होतं. सतरंजीवर कोण, मातीवर कोण, अंगणाच्या कडेला उभं कोणी राहायचं, सगळं त्यांनी ठरवलेलं. बायका दाराआड. पण रेडिओ कोणालाच ऐकू येत नसे. दाजीसाहेब त्याचा आवाज इतका बारीक ठेवत की तो फक्त त्यांच्या कानाला लागे. ते खुर्ची ओढून पेटीला कान लावून बसत आणि उजव्या हाताचा पंजा उचलत. पंजा वर असेपर्यंत कोणी खोकायचंही नाही. मग पंजा खाली येई आणि दाजीसाहेब सांगत. हिंदुस्थानी बातम्यांतलं त्यांना जे समजलं ते, आणि त्यातलं जे सांगावंसं वाटलं ते. कापसाच्या हंगामात त्यांच्या स्वतःच्या गाड्या खामगावला पोचल्यावरच मुंबईचा भाव गावाला कळे.

आणि बातमी ऐन रंगात आली की ते कळ फिरवून झाकण घालत. म्हणत, "बाकीचं उद्या."

लोक हसत, कुरकुरत आणि दुसऱ्या दिवशी येत. ते येणारच. दुसरीकडे जायला जागाच नव्हती.

मलायातली लढाई पेटली तेव्हाची गोष्ट. रोज बातमीत एक शब्द येई. दाजीसाहेब सांगत, "आपली फौज पसपा झाली. म्हंजे पसरली. काल एका गावी होती, आज दुसऱ्या गावी पसरली." गाव खूश. आमच्या गावची चार पोरं पलटणीत होती. पारबताबाई वानखडे नावाच्या विधवेचा एकुलता एक शिवा त्यांतलाच, लॉरी चालवायला गेलेला. तिने त्या दिवशी ओसरीवरच्या सगळ्यांना साखर वाटली.

आमच्या शाळेचे वामन गुरुजी अंगणाच्या कडेला उभे राहणाऱ्यांतले. त्यांचं लहानपण बुऱ्हाणपुरात गेलेलं, उर्दू येत होतं. साखर हातात घेऊन ते म्हणाले, "दाजीसाहेब, पसपा म्हणजे पसरली नव्हे. पसपा म्हणजे मागे हटली. फौज पळतेय."

पारबताबाईच्या हातात साखरेचा वाडगा तसाच राहिला. दाजीसाहेब जरासुद्धा चिडले नाहीत. उलट हसले.

"गुरुजी, तुमाले फारशी येते हे मले माईत नवतं. मंग तं म्या सांगणं बरं नाई. उद्यापासून तुमीच सांगा."

दुसऱ्या दिवशी त्यांनी गुरुजींना हाताला धरून खुर्चीवर बसवलं. पेटीला कान लावायला सांगितला. मागून हात घालून कळ फिरवली. गुरुजी कान लावून बसले. वेळ जाऊ लागला.

"काय म्हणते?" दाजीसाहेबांनी विचारलं.

"आवाज येत नाही."

दाजीसाहेबांनी वाकून दुसऱ्या बाजूने कान लावला, डोळे मिटले, मान डोलावली. "मले तं रोज येते," ते म्हणाले. आणि गावाकडे वळून, "गुरुजीले फारशी समजते, फकस्त आयकू येत नाई."

गाव हसलं. मी पण हसलो असेन. गुरुजी खुर्चीतून उठून पुन्हा अंगणाच्या कडेला जाऊन उभे राहिले. तेवढ्या वाटेत त्यांचे कान लाल झालेले सगळ्यांनी पाहिले.

पण गुरुजींनी ते गिळलं नाही. भावाकडून, मेव्हण्याकडून उसनवारी करून त्यांनी अकोल्याचा एक जुना सेट मिळवला आणि लायसन्ससाठी माझ्या खिडकीशी आले. त्याच दुपारी दाजीसाहेबही आले. पोस्टात ते कधी येत नसत, गडी पाठवत.

"पोष्टबाबू, एका गावात दोन रेडू काहाले पायजे?"

मी म्हणालो, "नियमात बसतं, दाजीसाहेब. ज्याला परवडेल त्याने ठेवावा."

"एकानं एक सांगतलं अन् दुसऱ्यानं दुसरं, तं गावानं कोनाचं आयकावं? भांडनं होतीन. लढाईचे दिवस हायेत. सरकारले असं चालते काय?"

सरकारला चालतं की नाही हे सांगण्याइतका मोठा मी नव्हतो. मी लायसन्स दिलं. आठ दिवसांत तालुक्याच्या ठाण्यातून जमादार आला आणि गुरुजींचा सेट उचलून घेऊन गेला. कोणीतरी कळवलं होतं की मास्तर शत्रूचं केंद्र लावणार आहे. शत्रूचं केंद्र चारचौघांत ऐकायला आणि तिथलं गावभर सांगायला तेव्हा बंदी होती. चौकशी होईपर्यंत सेट ठाण्यात राहील, असं जमादार म्हणाला. गुरुजींनी सेट अजून लावलाही नव्हता, तार ताणायला बांबू शोधत होते ते. जमादार जाताना दाजीसाहेबांकडे चहाला थांबला. त्यानंतर तो आमच्या बाजूला आला की ओसरीवर थांबायचाच. त्याच्यासाठी एक बाज टाकलेली असे.

गावात पुन्हा रेडिओ एकच झाला.

सिंगापूर पडलं. पारबताबाईला मी एक सरकारी लखोटा वाचून दाखवला. त्यात शिवा बेपत्ता आहे असं होतं. तिला तो शब्द समजेना. "म्हंजे मेला काय जी?" नाही. "मंग जित्ता हाये?" तेही नाही. तिने माझ्याकडे असं पाहिलं की कागदात लिहिलेलं मीच लपवतोय. मग म्हणाली, "पोष्टात नाई तं रेडूत असन."

तेव्हापासून ती रोज दाजीसाहेबांकडे जाऊ लागली. त्यांनी काही मागितलं नाही. तीच दुपारपासून जाऊन अंगण झाडू लागली, मग सारवू लागली, मग बाईसाहेबांचं तिखट कुटू लागली. दिवेलागणीला दाराशी बसून राही. पंजा खाली आला की विचारी, "माह्या शिवाचं काई म्हने काय जी?"

आता इथे पारबताबाईची एक गोष्ट सांगायला हवी. तिच्या नवऱ्याचं नाव तुळशीराम. जुन्या बायका नवऱ्याचं नाव घेत नसत, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण ही त्या बाबतीत फारच कडक. नवरा जाऊन कितीतरी वर्षं झाली होती, तरी ती तुळशीला 'आंगनातलं झाड' म्हणायची. शिवाचं नाव शिवराम, पण त्यातला राम नवऱ्याच्या नावात येतो म्हणून ती त्याला शिवाच म्हणे. रस्त्यात कोणी रामराम घातला तर ही नुसते हात जोडे. तोंड उघडत नसे.

दाजीसाहेबांना हे चांगलं माहीत होतं. तुळशीराम त्यांच्याच शेतावर सालदार होता. ती अंगणात आली की मुद्दाम मोठ्याने म्हणत, "रामराम, पारबताबाई." ती हात जोडी. ते पुन्हा म्हणत, "रामराम." ती पुन्हा हात जोडी. सतरंजीवरचे लोक एकमेकांना कोपराने ढोसत.

एके संध्याकाळी तिने शिवाचं विचारलं तेव्हा ते म्हणाले, "शिवा तं गावोगाव हायेत वं. कोनता शिवा म्हनून आयकू म्या? पलटनीत बापाच्या नावासकट नाव रायते. पुरं नाव सांग."

"तुमाले माईत हाये जी."

"मले माईत असून काय करू? तू सांग. उखान्यात घे पायजे तं."

विधवेला उखाणा घ्यायला सांगितला त्यांनी. आणि लोक हसले. दाराआडच्या बायकासुद्धा पदर तोंडात कोंबून हसल्या.

पारबताबाई खाली मान घालून म्हणाली, "त्याइचं नाव घेऊन माह्या पोरावर इघ्न आनू काय मालक?"

म्हणजे तिच्या मनात हे असं होतं. एवढी वर्षं पाळलेलं आता मोडलं आणि तिकडे पोराला काही झालं तर? मला तेव्हा तिचा राग आला होता. एक नाव ते काय, घेऊन टाकावं. पण राग यायला हवा होता तो दुसऱ्या माणसाचा, आणि त्याच्या ओसरीवर तर आम्ही सगळे पाय दुमडून बसत होतो.

त्यानंतर तो खेळच झाला. "नाव घे." ती गप्प. "मंग बाकीचं उद्या." पावसाळा गेला, दिवाळी गेली, वेचणी संपली. लोकांना बातम्यांपेक्षा त्याचीच गोडी लागली होती. बाहेरगावचा पाहुणा आला तर त्याला मुद्दाम घेऊन येत.

शिवाची बायको गोदा घरीच होती. लग्नाला फार दिवस झाले नव्हते, मूलबाळ नव्हतं. ती सासूबरोबर मजुरीला जाई. तिचं माहेर वरवट बकालचं. होळी झाल्यावर तिचा बाप आला. वाईट माणूस नव्हता. जातीची दोन वडीलधारी माणसं घेऊन आला आणि सरळ दाजीसाहेबांच्या ओसरीवर बसला, कारण विचारायचं तर दुसरीकडे विचारणार कुठे?

तो म्हणाला, "आमचं काई म्हननं नाई जी. जावई जित्ता असन तं पोरगी जल्मभर वाट पाहीन. नसन तं तिचं वय काय हाये? आखाजीपावतो आमी थांबतो. मंग पाट लावून देतो. तुमी रेडूले इचारून सांगा. तुमचा शबुद आमाले मान्य हाये."

दाराशी पारबताबाई बसली होती, तिच्या मागे गोदा. गोदाने सासूचा पदर हातात धरला होता. मी समोरच होतो, मला दिसत होतं.

दाजीसाहेबांनी सवयीने पंजा उचलला. ओसरी शांत झाली. ते सावकाश म्हणाले, "सरकारचा रेडू असं एकेकाचं नाव घेत नसते."

"म्हंजे काईच आलं नाई?"

"सरकारच्या रेडूवर काई आलं नाई. म्या खोटं बोलत नाई." मग दाराकडे बोट केलं. "अन् ईले इचारा. पोराचं पुरं नाव घे म्हटलं तं सालभर घेत नाई. बिननावाचा मानूस म्या कोठी शोधू?"

पुन्हा हशा. गोदाचा बापसुद्धा कसनुसा हसला.

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली. घराघरांत झोके बांधले, सासुरवाशिणी माहेरी गेल्या. गोदाही गेली, ती परत यायची नव्हती. वडनेरच्या एका बिजवराशी तिचा पाट लागला. जाताना ती सासूच्या गळ्यात पडून रडली आणि पारबताबाई तिला म्हणाली, "जाय माय. माह्याकून त्याचा काई शबुद आनता आला नाई, तं तू तरी काय करशीन?"

चार-आठ दिवसांनी पारबताबाई पुन्हा दाजीसाहेबांच्या अंगणात आली. झाडलं, सारवलं. त्या दिवशी जमादार बाजेवर बशीतून चहा पीत होता. वामन गुरुजी नेहमीसारखे कडेला उभे होते. बातम्या झाल्या. पंजा खाली आला. पारबताबाई दाराशी बसली नाही. केरसुणी हातात घेऊनच पुरुषांच्या मधून पुढे आली आणि सतरंजीच्या काठाशी उभी राहिली.

"रामराम, पारबताबाई," दाजीसाहेब म्हणाले.

"रामराम," ती म्हणाली.

कोणीतरी हसायला लागला होता, तो मध्येच थांबला.

"नाव पायजे नं तुमाले? घ्या. शिवराम तुळशीराम वानखडे. तुळशीराम. आता यायाचं थे इघ्न येऊन गेलं. तुळशीराम."

दाजीसाहेबांचा चेहरा असा फुलला की मी तो आयुष्यात विसरणार नाही. वर्षभर लावलेली पैज जिंकल्यावर माणूस दिसतो तसे ते दिसत होते. त्यांनी मांडीवर थाप मारली.

"हाव! हेच! बराबर हेच नाव. शिवराम वल्द तुळशीराम, जिला बुलढाना. असंच वाचलं त्यायनं. जित्ता हाये तुहा पोरगा. जपान्याच्या कैदेत हाये."

"कदी वाचलं जी?"

"होयीच्या आंदी."

होळी आखाजीच्या आधी येते, हे त्या ओसरीवर कोणाला सांगावं लागलं नाही. गोदाचा बाप तिथे येऊन बसला, त्याच्याही आधी.

"मंग सांगतलं काऊन नाई मालक?"

"तू नाव कोठी घेतलं?" दाजीसाहेब म्हणाले. अगदी सरळपणे. नियम होता, तिने तो उशिरा पाळला, त्यात त्यांचा काय दोष?

मला वाटलं, ती आता केरसुणी त्यांच्या तोंडावर फेकेल. तिने फेकली नाही. ती पुढे वाकली आणि लहान पोरासारखं विचारू लागली, "आनखीन काय म्हने जी? कसा हाये? खाते-पिते काय? माह्यासाठी काई सांगतलं त्यानं?"

दाजीसाहेबांनी झाकण उचललं, रेडिओवर नीट घातलं, कडा सारख्या केल्या.

"बाकीचं उद्या."

तेव्हा अंगणाच्या कडेवरून वामन गुरुजींचा आवाज आला. फार हळू बोलले ते. "जमादारसाहेब, सरकारचा रेडिओ कोणाचं नाव घेत नाही म्हणतात. मग कैद्यांची नावं कोणतं केंद्र वाचतं?"

जमादाराने बशी खाली ठेवली. त्याला ते ऐकू आलं नसतं तर बरं, असं त्याच्या तोंडावर स्पष्ट लिहिलेलं होतं. पण सगळ्या गावाने ऐकलं होतं आणि सगळं गाव त्याच्याकडे पाहत होतं. तो उठला. "दाजीसाहेब, हे तुमी कोठून आयकलं?"

दाजीसाहेबांनी पंजा उचलला. लोकांना गप्प करायला ते रोज तो उचलत. त्या दिवशी कोणी बोलतच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सेट गेला. बॅटरी गेली, बांबू उतरले. लायसन्स रद्द झाल्याचा हुकूम माझ्या पोस्टात आला आणि काचेतलं ते लायसन्स भिंतीवरून काढून आणायला मलाच जावं लागलं. मी ते आनंदाने काढलं. भिंतीवर फिकट चौकोन राहिला. मखमलीचं झाकण खुर्चीच्या पाठीवर टाकलेलं होतं. दाजीसाहेब म्हणाले, "पोष्टबाबू, म्या खोटं नाई बोल्लो." मी म्हणालो, "नाही. तुम्ही खोटं नाही बोललात." त्यांना त्याचं समाधान वाटलेलं दिसलं. काही लोकांना तुम्ही काय म्हणालात तेही ऐकू येत नाही.

ते भीतीपोटी गप्प बसले होते, असं मागाहून गावातले शहाणे म्हणू लागले. शत्रूचं केंद्र ऐकलं हे कसं सांगणार बिचारे? मला हे पटत नाही. भिणारा माणूस शेवटपर्यंत भितो. आणि पारबताबाईच्या कानात दोन शब्द घालायला त्यांना कोणी अडवलं नव्हतं. तिखट कुटत ती रोज त्यांच्या चुलीशी बसलेली होती.

पारबताबाई नंतरही जाऊन विचारत राहिली, "बाकीचं काय जी?" ते म्हणत, "रेडूच नाई माह्याकडं, तं सांगू कशावून?" पुढे कैद्यांच्या छावणीतलं एक छापील कार्ड माझ्या पोस्टात आलं. त्यात शिवा जिवंत आहे एवढंच होतं. तिने ते वाचूनही घेतलं नाही. "हे जुनं हाये," म्हणाली.

लढाई संपली, शिवा आला. हाडं आणि डोळे, एवढाच. आईने त्याला जेवू घालायच्या आधी विचारलं, रेडूवर तू माझ्यासाठी काय निरोप सांगितला होतास? तो म्हणाला, "काईच नाई माय. आमाले कोनी इचारलंच नाई. नाव लिहून घेतलं, बस." म्हणजे बाकीचं असं काही नव्हतंच. तो खामगावला मोटारीवर ड्रायव्हर लागला. वडनेरवरून जाणारी गाडी मात्र त्याने कधी घेतली नाही. मालकाने हातापाया पडून सांगितलं तरी नाही.

त्यानंतर माझी बदली झाली. दीड-दोन वर्षांनी काही कामासाठी मी एक दिवस त्या गावी गेलो. वामन गुरुजींना त्यांचा सेट परत मिळाला होता. तो त्यांनी शाळेच्या खिडकीत ठेवला होता, आवाज पूर्ण मोठा करून. शाळा दाजीसाहेबांच्या घरासमोरच. संध्याकाळी गाव शाळेच्या पटांगणात जमलेलं, कोण कुठे बसलंय याचा काही हिशेब नव्हता, आणि बातम्या गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जात होत्या. फक्त एका माणसाला ऐकू जात नव्हत्या. दाजीसाहेब बहिरे झाले होते. ओसरीवर त्याच खुर्चीत, कानामागे हात धरून शाळेच्या दिशेने वाकून बसलेले. धोतर अजून तसंच पांढरं. येणाऱ्याजाणाऱ्याला विचारत, "काय म्हणते बे?" आणि लोक त्यांच्या कानाशी जाऊन ओरडत, "पसपा!" आणि हसत पुढे जात.

मी त्यांना नमस्कार करायला थांबलो नाही. पण समोरून पारबताबाई आली म्हणून तिथेच उभा राहिलो. ती शाळेकडून येत होती. थेट ओसरीवर चढली. वाकून त्यांच्या कानाशी तोंड नेलं आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "रामराम, दाजीसाहेब."

त्यांचा चेहरा उजळला. ती येणार याची ते वाट पाहत होते, हे दिसत होतं. त्यांनी तिचं मनगट धरलं.

"काय म्हणे वं आज? काल तू म्हटलं रेडूनं माहं नाव घेतलं. कोनं घेतलं? काऊन घेतलं?"

"आज बी घेतलं जी. पुरं घेतलं, बापाच्या नावासकट."

"मंग? मंग काय म्हणे?"

पारबताबाईने आपलं मनगट सोडवून घेतलं. खुर्चीच्या पाठीवरचं मखमलीचं झाकण उचललं, झटकलं, आणि त्यांच्या मांडीवर नीट पसरून त्याच्या कडा सारख्या केल्या.

"बाकीचं उद्या," ती म्हणाली, आणि पायऱ्या उतरून घरी गेली.